चोर बघितलाय? मग चेहऱ्याचं वर्णन किती, कधी आणि कसं द्यायचं

मी बेळगावात कोर्टाजवळ टायपिंगचं काम करते, मराठी आणि कन्नड दोन्ही. अर्ज, ॲफिडेव्हिट, तक्रारी, कोण काय घेऊन येईल ते. त्यामुळं घडलेली गोष्ट माणसं कशी सांगतात ते रोज कानावर पडतंय आणि त्यातली एक गोष्ट मला कायम खटकत आलीय. माणूस पहिल्यांदा सांगतो तेव्हा तो माझ्याकडं बघतच नसतो, कुठंतरी भिंतीकडं बघत असतो, मधेच थांबतो, "असा होता बघा, असा" म्हणून हातानं काहीतरी दाखवतो. तोच माणूस दोन दिवसांनी परत आला की थांबत नाही. घडाघडा सांगतो. पाठ झालेलं असतंय. आणि ऐकणाऱ्याला वाटतं की आता ह्याला जास्त आठवायलंय.

आत्याचं गंठण गेलं त्या दिवसाचं सांगते, म्हणजे हे सगळं कशासाठी लिहायलेय ते कळेल. संध्याकाळी फिरायला गेली होती, बाईकवरून दोघं आले, मागच्यानं गळ्याला हात घातला आणि थोडं पुढं गेल्यावर एकदा वळून बघितलं. तेवढंच, दोन सेकंद असतील. पण घरी आली तेव्हा ती ठाम होती, "परत दिसला तर हजारात ओळखीन." मग घर भरलं. शेजारच्या काकी, समोरचे सर, चुलत भाऊ, गल्लीतली पोरं, येईल त्याला पहिल्यापासून सांगायचं. कोणी विचारलं दाढी होती काय, ती म्हणाली थोडी असेल. कोणी विचारलं डोळे घारे होते काय, मागं कुठल्यातरी केसमधला पोरगा घाऱ्या डोळ्यांचा होता म्हणे. तेव्हा आत्या काहीच बोलली नाही. रात्री नऊला मात्र ती स्वतःहून "घारे डोळे" म्हणून सांगत होती आणि मी शेजारी बसून ऐकत होते. अंधार पडत असताना, लांब चाललेल्या बाईकवरच्या माणसाचे डोळे घारे की काळे हे कोणाला दिसणार, पण ते आता तिच्या तोंडात बसलं होतं.

चार दिवसांनी स्टेशनला बोलावलं. पहिल्यांदा परत सगळं वर्णन विचारलं, नाक कसं, ओठ कसे, कपाळ केवढं, आणि ते झाल्या झाल्या मोबाईलवर फोटो दाखवायला सुरू केलं. ती एकावर बोट ठेवायची, मग काढायची. येताना रिक्षात मला म्हणाली, "मला आता तो दिसतच नाही गं. मी जे बोलले तेवढंच ऐकू येतंय."

एका माणसाच्या एका प्रसंगावरून काही सिद्ध होत नाही हे मला माहीत आहे, ती घाबरलेली होती, उजेड कमी होता, शंभर कारणं असतील. पण तिचं ते वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही म्हणून मी वाचायला लागले, आणि कळलं की ह्याला नाव आहे. व्हर्बल ओव्हरशॅडोइंग म्हणतात, म्हणजे शब्दांची सावली बघितलेल्या गोष्टीवर पडते. १९९० साली अमेरिकेत जोनाथन स्कूलर आणि टोन्या एंगस्टलर-स्कूलर ह्या दोघांनी हे पहिल्यांदा मांडलं. लोकांना बँकेवरच्या दरोड्याचा छोटा व्हिडिओ दाखवला, मग निम्म्यांना सांगितलं की पाच मिनिटं त्या चोराच्या चेहऱ्याचं जेवढं जमेल तेवढं बारीक वर्णन लिहा, बाकीच्यांना दुसरंच काहीतरी काम दिलं. नंतर सगळ्यांसमोर एकमेकांसारखे दिसणारे आठ चेहरे ठेवले. वर्णन न लिहिलेल्यांपैकी ६४ टक्क्यांनी चोर बरोबर ओळखला, वर्णन लिहिलेल्यांपैकी फक्त ३८ टक्क्यांनी. आपल्याला वाटतं बोलल्यानं पक्कं होतं, आणि इथं नेमकं उलटं.

एवढा मोठा फरक नंतर बऱ्याच जणांना मिळाला नाही, हेही सांगायला पाहिजे, नाहीतर अर्धवट माहिती होईल. २०१४ साली कितीतरी लॅबनी मिळून हाच प्रयोग एकसारख्या पद्धतीनं परत केला. पहिल्या वेळी ३१ लॅब होत्या, आणि त्यात वेळेचा क्रम चुकून मूळ प्रयोगापेक्षा वेगळा ठेवला गेला, म्हणजे व्हिडिओ संपल्या संपल्या वर्णन, मग वीस मिनिटं दुसरं काम, मग ओळखणं. फरक निघाला फक्त ४ टक्क्यांचा. चूक लक्षात आल्यावर २२ लॅबनी परत केला, ह्यावेळी वीस मिनिटं आधी आणि वर्णन अगदी शेवटी, लगेच त्याला लागून ओळखणं. फरक गेला १६ टक्क्यांवर. त्या चुकीमुळंच सगळ्यात कामाची गोष्ट हाताला लागली असं मी म्हणेन. वर्णन करण्यापेक्षा ते कधी केलं ह्याला जास्त महत्त्व आहे. आत्याच्या वेळी जे झालं, चार दिवसांनी बारीक वर्णन आणि त्याला लागूनच फोटो, तो सगळ्यात वाईट क्रम होता.

असं का होतंय? आपण चेहरा तुकड्यात बघत नाही. तुमच्या आईच्या नाकाचं वर्णन करा बघू मला. जमणार नाही, "आपलं नेहमीसारखं" म्हणाल. पण सीबीटी बस स्टँडच्या गर्दीत तीच आई पन्नास फुटांवरून नुसती अर्धी दिसली तरी ओळखता. चेहरा सगळा मिळून एकदम मनात बसलेला असतो, नाक डोळ्यांपासून किती लांब, हसल्यावर गाल कसे वर जातात, हे सगळं एका झटक्यात, आणि त्याला भाषेत शब्दच नाहीत. वर्णन करायला बसलं की आपण जबरदस्तीनं तुकडे करतो, नाक, ओठ, कपाळ, भुवया, आणि मग फोटो समोर आल्यावर डोकं तसंच तुकडे तुकडे जुळवायला जातं. ह्याचा एक छान पुरावा आहे. २००२ साली मॅक्रे आणि लुईस ह्यांनी लोकांना मोठी अक्षरं दाखवली जी बारीक बारीक अक्षरांनी बनलेली होती. काहींना मोठं अक्षर वाचायला सांगितलं, काहींना आतली बारीक अक्षरं. बारीक अक्षरं वाचत बसलेल्यांना नंतर चेहरा ओळखायला जड गेलं, आणि त्यांनी तर चेहऱ्याबद्दल एक शब्दही उच्चारला नव्हता! म्हणजे आठवण पुसली जात नाही, बघायची पद्धत बदलते. तसं असेल तर ती परत जागेवर आणताही येते.

आता प्रत्यक्ष काय करायचं ते सांगते.

घडल्या घडल्या

पहिल्यांदा ११२ ला फोन करा, जखम असेल तर दवाखाना. मग कोणाशी फार बोलायच्या आधी एक कागद घ्या, नाहीतर मोबाईलमध्ये लिहा, नाहीतर बोलून रेकॉर्ड करा, आणि काय घडलं ते लिहा. घटना लगेच लिहून ठेवण्यात तोटा नाही, फायदाच आहे. फियोना गॅबर्ट, लोरेन होप आणि रोनाल्ड फिशर ह्यांनी २००९ साली साक्षीदारानं स्वतःच भरायची एक पुस्तिका करून बघितली, ज्यांनी ती लगेच भरली त्यांना नंतर चौकशीच्या वेळी जास्त तपशील आठवले. वेळ, जागा, गाडी, कपडे, कुठल्या दिशेनं गेले, काय बोलले, कुठल्या भाषेत बोलले. आपल्या भागात भाषा हा मोठा धागा आहे, तो मराठीत ओरडला की कन्नडमध्ये की हिंदीत, निपाणीकडचं मराठी होतं की खानापूरकडचं, हे लक्षात असेल तर लिहाच. आवाज, कपडे, गाडी ह्या गोष्टी शब्दात बसतात. बसत नाही तो फक्त चेहरा.

लिहिताना डोळे मिटून आपण परत त्या जागी उभं आहे असं मनात आणायचं. उजेड कुठून येत होता, कसला वास होता, हातात काय होतं. घाई करायची नाही.

चेहऱ्याबद्दल किती लिहायचं

दोन-तीन ओळी. जे खात्रीनं दिसलं तेवढंच, आणि जे दिसलं नाही तेही "दिसलं नाही" म्हणून लिहायचं. आत्याला त्या दिवशी मी असं लिहायला लावायला पाहिजे होतं:

"संध्याकाळी ६.४० च्या आसपास. दूध डेअरीच्या पुढं, बंद शटरसमोर. काळी बाईक, नंबर प्लेटवर चिखल, शेवटचा आकडा ७ दिसला. दोघं. पुढच्याला हेल्मेट, चेहरा दिसला नाही. मागचा हडकुळा, वय वीस-पंचवीस, निळा फुल शर्ट, बाह्या दुमडलेल्या. रंग सावळा. एकदा वळून बघितलं, दोन सेकंद. दाढी लक्षात नाही. डोळे दिसले नाहीत. पुढच्याला कन्नडमध्ये 'नडी नडी' (चल चल) म्हणाला. परत बघितला तर ओळखीन असं वाटतंय."

खाली तारीख आणि लिहिलेली वेळ. एवढंच. ते "डोळे दिसले नाहीत" वाक्य कागदावर असतं तर रात्री नऊला घारे डोळे आले नसते, आणि आले असते तरी ते नंतर आले हे कळलं असतं.

कमी लिहा म्हणायला लागलेय त्याला आधार आहे. २००१ साली ख्रिश्चन मायस्नर, जॉन ब्रिगहॅम आणि कॉलीन केली ह्यांनी लोकांचे गट केले. एका गटाला सांगितलं की सगळं भरून काढा, नक्की माहीत नसलं तरी अंदाजानं लिहा. दुसऱ्याला सांगितलं की खात्री असेल तेवढंच लिहा, अंदाज नको. अंदाजानं लिहिणाऱ्यांनी वर्णनात जास्त चुका केल्या आणि नंतर ओळखण्यातही ते मागं पडले, खात्रीचं तेवढंच लिहिणारे चांगले राहिले. अंदाजानं बोललेली गोष्ट आपलं डोकं नंतर बघितलेल्या गोष्टीच्या जागी ठेवतं, अडचण ती आहे. म्हणून "नाक कसं होतं" ह्याला उत्तर नसेल तर "सांगता येत नाही" हेच उत्तर. आणि वर्णन जमत नाही म्हणजे तुम्ही वाईट साक्षीदार असं अजिबात मनाला लावून घेऊ नका, छान वर्णन करणारा माणूस चांगला ओळखतोच असं नसतं, ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

पण ह्याचा अर्थ वर्णन द्यायचंच नाही असा कोणी घेऊ नका, हे हात जोडून सांगते. पोलिसांना शोधायला काहीतरी हातात पाहिजे. आणि उद्या केस उभी राहिली तर समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की तुम्ही आज कोर्टात ओळखताय, मग फिर्यादीत त्याच्याबद्दल एक शब्द का नाही. थोडं, खरं आणि लवकर द्या.

गल्ली, पाहुणे आणि व्हॉट्सॲप

हे सगळ्यात अवघड, कारण माणसं मायेनं विचारतात. कोणाला तोडून बोलवत नाही. पण चेहऱ्याबद्दलच्या प्रश्नाला एकच उत्तर ठरवून ठेवा, "लिहून दिलंय, आता परत परत नको". घटना सांगायची असेल तर सांगा, मन हलकं होतं, चेहऱ्यापाशी आलं की थांबा.

दुसऱ्यानं केलेलं वर्णन ऐकणंही तेवढंच वाईट. चॅड डॉडसन, मार्सिया जॉन्सन आणि स्कूलर ह्यांनी १९९७ साली बघितलं की दुसऱ्यानं लिहिलेलं वर्णन नुसतं वाचलं तरी स्वतः बघितलेला चेहरा ओळखायला त्रास होतो. एकाच घटनेचे दोन साक्षीदार असतील, समजा नवरा-बायको दोघांनी बघितलंय, तर दोघांनी आपापला कागद वेगळ्या खोलीत लिहायचा आणि एकमेकांना दाखवायचा नाही. ऐकायला विचित्र वाटतं, पण दोन वेगळे कागद असले तरच दोन साक्षीदार, नाहीतर एकाच साक्षीदाराच्या दोन सह्या.

आणि व्हॉट्सॲप. इथं कुठं चोरी झाली की तासाभरात कुठला तरी सीसीटीव्हीचा फोटो ग्रुपवर फिरतो, "हाच तो, सावध राहा" म्हणून. बघू नका. घरच्यांना सांगा मला दाखवू नका. फेसबुकवर स्वतः शोधत बसू नका. त्या फोटोतला चेहरा एकदा डोक्यात बसला की नंतर ओळख परेडमध्ये, म्हणजे संशयिताला इतरांच्या रांगेत उभं करून ओळखायला लावतात तेव्हा, तुम्ही रस्त्यावर बघितलेल्याला ओळखायलाय की फोटोतल्याला, हे तुम्हालाच कळणार नाही. आणि साक्षीदारानं आधीच फोटो बघितलेला होता हे कोर्टात निघालं तर त्या ओळख परेडची किंमतच जाते, मग खरा माणूस असला तरी सुटतो.

स्टेशनात, आणि मध्ये कन्नड आलं की

आपल्याकडं हा एक जास्तीचा पदर आहे आणि ह्याच्याबद्दल कोणी बोलत नाही. तुम्ही मराठीत सांगता, लिहून घेणारा कन्नडमध्ये लिहितो. तो वाईट हेतूनं करतो असं मी म्हणत नाही, बरेच जण समजून घेऊन लिहितात, पण लिहिणाऱ्याच्या हाताला ठरलेले शब्द बसलेले असतात. बेपत्ता माणसांच्या जाहिराती बघा की कन्नड पेपरमध्ये, "कोलु मुख, गोधी मैबण्ण, साधारण मैकट्टु". उभट चेहरा, गव्हाळ रंग, मध्यम बांधा. अर्धं बेळगाव त्यात बसतं. तुम्ही म्हणालात "चेहरा जरा ओढल्यासारखा होता, म्हणजे आजारी माणसाचा असतो तसा", ते कागदावर "कोलु मुख" होऊन येतं. आजारपण गेलं, नुसता उभट चेहरा राहिला. मी स्वतः भाषांतर करताना हे कितीदा केलंय आणि आता करताना हात थांबतो.

म्हणून काय करायचं, तर लिहून झाल्यावर वाचून मागायचं. तोंडी दिलेली फिर्याद लिहून घेतल्यावर देणाऱ्याला वाचून दाखवायची असते, हे कायद्यातच आहे, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये, आणि एफआयआरची कॉपी फुकट मिळते. "मराठ्याग ओदि हेळ्रि", म्हणजे मराठीत वाचून सांगा, असं म्हणा, कोणी रागावत नाही. वाचताना तुम्ही न सांगितलेला शब्द आला तर तिथंच थांबवा. "ननगे सरियागि काणलिल्ल", मला नीट दिसलं नाही, आणि "नेनपिल्ल", आठवत नाही, ही दोन वाक्यं पाठ करून जा, कारण परक्या भाषेत माणूस नाही म्हणायला लाजतो आणि मान हलवतो, आणि हललेली मान कागदावर "होय" होऊन बसते. नंतर तपासात पोलीस जो जबाब घेतात, कलम १८० चा, त्यावर साक्षीदाराची सही घ्यायची नसते, तेव्हा सही कशी नाही म्हणून घाबरू नका, पण तोही वाचून दाखवा म्हणायला काही हरकत नाही.

प्रश्नच असा आला की "दाढी होती ना?" तर उत्तर देण्याआधी स्वतःला विचारा, ही दाढी मला दिसली होती की आत्ता ऐकली. एलिझाबेथ लोफ्टस आणि जॉन पामर ह्यांनी १९७४ सालीच दाखवून दिलंय की प्रश्नातला एक शब्द बदलला की आठवण बदलते. गाड्या "धडकल्या" म्हणण्याऐवजी "एकमेकींवर आदळून चुराडा झाल्या" अशा अर्थाचा शब्द वापरला तर त्याच व्हिडिओतल्या गाड्यांचा वेग लोकांनी जास्त सांगितला, आणि आठवड्यानं काहींना न फुटलेली काचही फुटलेली आठवली.

फोटो दाखवायच्या आधी

आत्याच्या बाबतीत इथंच बिघडलं असं मला वाटतं, म्हणून हे जरा सविस्तर सांगते.

फोटो किंवा परेड बघायला बोलावलं तर त्या दिवशी सकाळपासून चेहऱ्याबद्दल बोलू नका. घरातनं निघताना, रिक्षात, बाकावर बसून वाट बघताना, कोणाशीच नाही. आपला जुना कागदही त्या दिवशी काढून वाचू नका, इतर वेळी चांगली असलेली सवय इथं उपयोगाची नाही. तिथं गेल्यावर साहेबांनी परत वर्णन विचारलं तर नम्रपणे म्हणा, "साहेब, वर्णन पहिल्याच दिवशी दिलंय, तेच बघा, मला आधी फोटो दाखवा." बहुतेक जण ऐकतात. नाहीच ऐकलं आणि वर्णन द्यावंच लागलं तर मग मध्ये वेळ घ्या. पाणी पिऊन येते म्हणा, बाहेर बसा, अर्धा तास तरी जाऊ दे. मायस्नर आणि ब्रिगहॅम ह्यांनी २००१ पर्यंतचे सगळे प्रयोग एकत्र करून बघितले तेव्हा हेच दिसलं, की वर्णन आणि ओळखणं ह्यात अंतर कमी असलं की नुकसान होतं आणि अर्ध्या तासाच्या वर अंतर गेलं की ते निवळतं.

त्या अर्ध्या तासात मोबाईलवर बारीक अक्षरं वाचत बसू नका, हिशेब करू नका. लांब बघा. रस्त्यावरची माणसं बघा, झाड बघा, चहा घ्या. मोठ्या अक्षरांच्या त्या प्रयोगावरून मी हे सांगायलेय, नुकसान होणार नाही हे नक्की.

अजून एक बाब आहे जी सहसा सांगितली जात नाही. २००४ साली क्लेअर आणि लेवांडोव्स्की ह्यांच्या प्रयोगात दिसलं की वर्णन केलेले लोक बऱ्याचदा चुकीच्या माणसाकडं बोट दाखवण्यापेक्षा "ह्यात तो नाही" असं जास्त म्हणायला लागतात. वर्णनात जे शब्द आहेत ते समोरच्या कुठल्याच चेहऱ्याशी तंतोतंत जुळत नाहीत म्हणून माणूस कचरतो. म्हणजे बोलून बोलून खरा चोर समोर असला तरी हातातून जाऊ शकतो. आत्या बोट ठेवायची आणि काढायची ते मला त्यात दिसलं, नाक जुळतंय पण डोळे घारे नाहीत, असं काहीतरी चाललं असणार तिच्या मनात.

ओळख परेडमध्ये

परेड पोलीस घेत नाहीत, मॅजिस्ट्रेट घेतात, बऱ्याचदा तहसीलदार, आणि ती बहुतेक वेळा जेलमध्ये होते. पोलिसांनी तिथं थांबायचं नसतं. संशयिताला त्याच्यासारख्याच दिसणाऱ्या लोकांच्यात उभं करतात, कुठं उभं राहायचं ते तो स्वतः निवडू शकतो, आणि साक्षीदारांना एकेकटं आत बोलावतात. आत जायच्या आधी बाहेरच्या कोणी तुम्हाला संशयित दाखवला, गाडीतून उतरताना दिसला, तर ते मॅजिस्ट्रेटना आत गेल्या गेल्या सांगा. लपवू नका.

रांगेसमोर गेल्यावर एकेका चेहऱ्याचं नाक-डोळे तपासू नका. पहिल्यांदा सगळी रांग एका नजरेत घ्या, सावकाश. ओळखीचा चेहरा असेल तर तो बहुतेक पटकन वर येतो, तुम्हाला कारण सांगता येणार नाही आणि कारण सांगायची गरजही नाही. आणि तो ह्या रांगेत नसेलही, हे मनात पक्कं धरून जा. ह्यांच्यातला सगळ्यात जवळचा कोण असं शोधायला लागलात की कोणीतरी सापडतोच. अमेरिकेत जेनिफर थॉम्पसन नावाच्या मुलीवर १९८४ साली अत्याचार झाला, ती हुशार होती, तिनं तशा प्रसंगातही ठरवून त्याचा चेहरा निरखून ठेवला होता, नंतर पोलिसांबरोबर बसून नाक-डोळे निवडत चित्र तयार केलं, मग फोटोतून आणि मग रांगेतून रोनाल्ड कॉटनला ओळखलं. दहा वर्षांवर तो जेलमध्ये होता. १९९५ साली डीएनएनं निघालं की तो नव्हताच, दुसरा होता. तिच्या चुकीला फक्त वर्णन कारण होतं असं कोणी म्हणू शकत नाही, पण रांगेतून बोट दाखवल्यावर तिला सांगितलं गेलं होतं की फोटोतही तू ह्यालाच निवडलं होतंस, आणि तिथनं पुढं तिची खात्री पक्की होत गेली.

म्हणून खात्री किती आहे ते त्याच क्षणी, आपल्या शब्दात सांगा आणि लिहून घ्यायला लावा. "हाच आहे" किंवा "ह्याच्यासारखा वाटतो, पण नक्की नाही" किंवा "ह्यात नाही". ह्यातलं कुठलंही उत्तर चालतं. गॅरी वेल्स आणि एमी ब्रॅडफिल्ड ह्यांनी १९९८ साली चोर नसलेलेच फोटो लोकांसमोर ठेवले, लोकांनी कोणाला तरी निवडलं, मग काही जणांना नुसतं म्हटलं "छान, बरोबर संशयिताला ओळखलंत". तेवढ्यावर ते सांगायला लागले की आम्हाला पहिल्यापासून खात्री होती, आणि चेहराही नीट दिसला होता.

तेव्हा बाहेर आल्यावर कोणालाही, पोलिसांना, वकिलांना, घरच्यांना, "बरोबर होता काय?" असं विचारू नका, आणि कोणी आपणहून सांगायला लागला तर हात वर करून थांबवा. जे आत सांगितलं ते कागदावर आहे, तारखेला कोर्टात उभं राहाल तेव्हा तेवढंच सांगायचंय.